साधा फोन

साधा फोन विकत घेणं हे साधं काम राहिलेलं नाही, हे माझं ताजं मत आहे, आणि ते मी नाशिकरोडची चार दुकानं पालथी घालून बनवलंय. "त्यात काय एवढं, दीड हजारात मिळतो, घेऊन टाक" असं म्हणणाऱ्या मंडळींनी पुढे जरूर वाचावं.

तर, फोन हवा होता आमच्या आप्पांना. आप्पा म्हणजे माझे आजोबा, वय वर्षं ८१, प्रेसमधून रिटायर. नाशिकरोडला 'प्रेस' म्हटलं की कुणाच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्र येत नाही, नोटा येतात. १९२५ साली इथे इंडिया सिक्युरिटी प्रेस आली, १९२८ साली करन्सी नोट प्रेस, आणि तेव्हापासून 'प्रेसमध्ये आहे' एवढं सांगितलं की माणसाची पूर्ण ओळख झाली असं इथे समजतात. आप्पांची सगळी नोकरी छापलेले कागद डोळ्यांखालून घालण्यात गेली. खोट काढणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि रिटायर झाल्यावरही त्यांनी तो सोडलेला नाही :)

त्यांची मागणी चार ओळींची होती. फोन यावा. फोन जावा. आवाज नीट ऐकू यावा. आणि वापरताना कुणाला काही विचारावं लागू नये. मी हिंजवडीत इतकी वर्षं क्लायंटच्या रिक्वायरमेंट वाचतोय, इतकी स्वच्छ रिक्वायरमेंट आजवर एकाही क्लायंटने दिलेली नाही. गोम अर्थात चौथ्या ओळीत आहे.

आप्पांकडे स्मार्टफोन होता. आत्याने हौसेने दिलेला, चांगला मोठ्या स्क्रीनचा. दोन वर्षं तो त्यांनी वापरला म्हणण्यापेक्षा सांभाळला. फोन वाजायचा, आप्पा हिरव्या गोलावर बोट ठेवायचे, काही व्हायचं नाही. पुन्हा ठेवायचे. मग जरा जोरात दाबायचे. तोवर वाजणं बंद. घरात निदान ठरून गेलं होतं : "आप्पांना आता जमत नाही."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आजकालचा टचस्क्रीन दाब ओळखत नाही, विद्युतभार ओळखतो. बोट जवळ आलं की काचेखालच्या जाळीची धारकता किंचित बदलते आणि त्यावरून फोनला कळतं की इथे कुणीतरी शिवलंय. वयाबरोबर कातडी कोरडी आणि जाड होते, बदल फार क्षीण पडतो, आणि फोन आपला ढिम्म. त्यात हात थोडा कापला की टॅपचा स्वाइप होतो, जरा रेंगाळला की लाँग प्रेस. आमच्या टेस्टिंगवाल्या भाषेत सांगायचं तर दोष युजरचा नव्हता. आप्पा फोनला बरोबर हात लावत होते, फोनला तो हात जाणवत नव्हता.

परिणाम काय, तर आप्पांनी फोन करणं सोडून दिलं. शेजारचा मुलगा लावून द्यायचा, पण दर वेळी त्याला हाक मारायची म्हणजे आपण कुणाशी काय बोलतो हे सगळ्या बिल्डिंगला कळणार! स्वाभिमानी माणूस अशा वेळी एकच करतो, गप्प बसतो.

यापूर्वी त्यांच्याकडे नोकियाचा ११०० होता. २००३ साली आलेला हा फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला. कीपॅडवर रबराचं एकच सलग आवरण, त्यामुळे धूळ आत जात नाही. घामेजल्या हातातून सटकू नये म्हणून कडा खरखरीत. आणि वर टॉर्च. माझ्या लहानपणच्या लोडशेडिंगमध्ये आमच्या जिन्यात उजेड म्हणून जो काही असायचा, तो आप्पांच्या खिशातून यायचा. म्हणजे या माणसाला मोबाइल वापरता येत नाही हे म्हणणं मुळातच चूक. दहा-बारा वर्षं त्यांनी तो न विचारता वापरलाय.

असो. तर एका शनिवारी मी आणि आप्पा बिटको चौकात. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या मुलाने "कीपॅड का?" असं विचारून खालच्या खणातून एक खोका काढला. वरच्या काचेत पन्नास हजारांचे फोन झगमगत होते, आमचे खाली, चार्जर आणि कव्हरांच्या शेजारी. आप्पांनी फोन उलटसुलट केला, कडेवरून अंगठा फिरवला, बटणांची ओळ डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि म्हणाले, "तीनचं बटण वाकडं बसलंय." वाकडं होतं! मुलगा अवाक.

दुसऱ्या दुकानात पहिला तांत्रिक प्रश्न आला. "सिम कोणतं आहे, दादा?"

प्रश्न बिनतोड आहे. साधे फोन आता दोन जातींचे मिळतात, टू-जीवाले आणि फोर-जीवाले. दिसायला जुळे भाऊ. किमतीत पाचशे ते हजाराचा फरक. पण जिओची सेवा ५ सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली तीच थेट फोर-जीवर, तिच्याकडे टू-जी नाहीच. त्यामुळे टू-जी फोनात जिओचं सिम घातलं तर आत नुसता प्लास्टिकचा तुकडा. उलट जिओने जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांना काढलेला जिओ भारत फोन फोर-जी खरा, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही. म्हणजे फोन घेण्याआधी सिम पाहायचं, आणि सिम पाहण्याआधी आपल्या घरात रेंज कुणाची येते ते पाहायचं. जेलरोडच्या आमच्या तळमजल्यावर हे फार महत्त्वाचं.

आप्पांचं सिम टू-जीतही चाललं असतं. दुकानदाराचंही म्हणणं तेच, "आजोबांना काय करायचंय फोर-जी?" इथे मात्र मी अडून बसलो. कारण आवाज.

जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये माणसाच्या आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो, बाकीचा कापला जातो. स, श, फ यांसारख्या अक्षरांचा जीव बराचसा ३४०० च्या वर असतो. तरुण कान गाळलेल्या जागा भरून घेतो. म्हाताऱ्या कानाला मुळात वरच्या पट्टीतलंच कमी ऐकू येतं, त्यात फोनने तेच कापलेलं, म्हणून 'साठ' की 'आठ' हा घोळ होतो आणि आपण उगाच ओरडायला लागतो. फोर-जीवरच्या व्होल्टी कॉलमध्ये, दोन्ही बाजूंना सोय असेल तर, हाच पट्टा ७००० हर्ट्झपर्यंत जातो.

दुसरं कारण आप्पांचं श्रवणयंत्र. पूर्वी फोन यायच्या आधी रेडिओत 'टिर्र टिट् टिट्' असा आवाज यायचा, आठवतंय? टू-जी फोन सलग बोलत नाही, सेकंदाला २१७ झटक्यांत बोलतो, आणि ते झटके जवळच्या अॅम्प्लिफायरमध्ये गुणगुण होऊन शिरतात. श्रवणयंत्र म्हणजे कानात घातलेला अॅम्प्लिफायरच. तिसऱ्या दुकानात आम्ही दोन्ही फोन लावून पाहिले. मी दाराबाहेर उभा राहून बोललो. पहिल्यावर आप्पांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्यावर म्हणाले, "ओरडू नकोस, येतंय ऐकू."

चौथ्या दुकानात तोच फोन शंभर रुपये स्वस्त मिळाला. नाशिकरोडला राहून एवढं तर करावंच लागतं. एकूण खर्च सतराशेच्या आत.

आता फोन म्हणजे चार आण्याची कोंबडी. बारा आण्याचा मसाला म्हणजे रिचार्ज. १ मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं तेव्हा साध्या माणसाच्या हातात मोबाइल खऱ्या अर्थाने आला. फक्त उचलण्यापुरता फोन ठेवणारी कितीतरी माणसं होती, मिस्ड कॉलवर संसार चालायचे. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी २८ दिवसांचं किमान रिचार्ज सक्तीचं केलं आणि ती सोय संपली. पुढे तर नको असलेला रोजचा दीड जीबी डेटाही गळ्यात पडू लागला. अखेर २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला : ज्याला इंटरनेट नको त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं रिचार्ज ठेवलंच पाहिजे, आणि अशा रिचार्जची मुदत ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत चालेल. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तसे पॅक आणले. तेव्हा लांब मुदतीच्या पॅकची किंमत सतराशे ते एकोणीसशेच्या घरात होती, म्हणजे फोनपेक्षा जास्त. तरीही दर महिन्याच्या कटकटीपेक्षा बरं. हे पॅक दुकानदार आपणहून सांगतीलच असं नाही, तोंडाने मागावे लागतात.

घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. नंबर भरणे.

आप्पांच्या छोट्या डायरीत ३७ नावं होती. ते वाचत गेले, मी भरत गेलो. "हा घे. हा नको, मुलाकडे गेला, नंबर बदलला. हा गेला. हा घे. हा गेला." शीट तपासावी तसं, एका सुरात. ३७ तले १६ उरले. गेलेल्यांपैकी दोघे या दोन वर्षांतले, प्रेसमधले, एकाच शिफ्टचे. त्यांची बातमी आप्पांना दहावं होऊन गेल्यावर कळली होती. आप्पा एवढंच म्हणाले, "तेव्हा वाजत होता बघ फोन. उचलला जात नव्हता."

मी काही बोललो नाही. पुढचा नंबर घेतला.

मग स्पीड डायल. १ वर व्हॉइसमेल. आपल्याकडे २०१६ च्या नियमानुसार साध्या फोनवर ५ किंवा ९ चं बटण दाबून धरलं की मदतीचा कॉल, म्हणजे ११२, जायला हवा. आमच्या फोनात तो ५ वर आहे. हे मला फार आवडलं, कारण ५ वर एक बारीक उंचवटा असतो, अंधारात चष्म्याशिवाय सापडतो. उरलेल्या जागांचं वाटप आप्पांनी केलं. २ वर खालच्या काकू. ३ वर रिक्षावाला. ४ वर मेडिकल. ६ वर प्रेसमधला मित्र. ७ वर माझे बाबा.

"आणि मी?"

"आठ."

"आप्पा, मेडिकलच्या खाली?"

"तू पुण्यात. रात्री छातीत दुखलं तर तू पाच तासांनी येणार. काकू पाच मिनिटांत येतील."

यावर काय बोलणार? मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. आपल्याला वाटतं, आजोबांचा फोन म्हणजे आपल्याशी बोलायचं साधन. त्यांच्या लेखी तो एकटं, न अडता राहण्याचं साधन आहे, आणि त्यात आपला नंबर आठवा असू शकतो.

साध्या फोनने सगळं सुटतं असं मात्र नाही. व्हिडिओ कॉलवर खोटा पोलिस दाखवून लुटणारी 'डिजिटल अरेस्ट'ची टोळी या फोनात शिरू शकत नाही, लिंकवर बोट पडून भलतं अॅप उतरत नाही. पण गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्याला साधा कॉलही पुरतो. म्हणून फोनच्या पाठीला चिकटपट्टीने लावलंय : ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. मार्च २०२२ पासून साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतात, आम्ही ते सुरू केलेलं नाही. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला घरबसल्या चेहरा दाखवून द्यायचा तर स्मार्टफोन लागतोच; ते काम मी माझ्या फोनवर करीन, नाहीतर बँकेत जाऊ. वर्षातून एकदा कुणाला विचारणं वेगळं आणि दिवसातून दहादा विचारणं वेगळं.

तेव्हा कुणासाठी घेणार असाल तर, आधी घरातली रेंज बघा. पाचशे रुपये जास्त पडले तरी फोर-जी घ्या. दुकानातच कॉल लावून त्यांच्याच कानाला ऐकवा. बटणं त्यांनाच दाबू द्या. भाषा मराठी करून ठेवा. आणि स्पीड डायलच्या वेळी मध्ये बोलू नका.

आप्पा आता रोज पेपर वाचून झाला की ६ दाबून धरतात. बरोबर त्याच वेळी मी फोन केला तर एंगेज लागतो. मला त्यांचा फोन रविवारी येतो, तोही "रिचार्ज कधी संपतंय रे?" एवढं विचारायला. आठ नंबरच्या माणसाने याहून जास्त अपेक्षा ठेवू नये :)