गप्प बसायची तालीम

गेले दोन महिने मी दर शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं गप्प बसायची प्रॅक्टिस करतोय. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा.

त्याचं झालं असं, की मार्चच्या शेवटी एका सकाळी ऑफिसची मीटिंग चालू असताना मेल आला. अमेरिकेतल्या एका सहा आठवड्यांच्या कार्यशाळेसाठी माझी निवड झाली होती. विज्ञानकथा, अद्भुतकथा, भयकथा असलं लिहू पाहणाऱ्यांसाठी उन्हाळ्यात भरणारी कार्यशाळा. (नाव मुद्दाम लिहीत नाही. अजून तिथे जाऊन काही दिवे लावलेले नाहीत, आणि लावता आले नाहीत तर गुपचूप परत येता यावं.) मी कॅमेरा बंद केला, स्वयंपाकघरात जाऊन बायकोला मेल दाखवला आणि परत येऊन शांतपणे सांगितलं की कालचं काम आज संपेल. ते अजून संपलेलं नाही.

या सगळ्या कार्यशाळांचं मूळ क्लेरियन. पेनसिल्व्हेनियातल्या क्लेरियन स्टेट कॉलेजात रॉबिन स्कॉट विल्सन या प्राध्यापकाने १९६८ साली ती सुरू केली आणि डेमन नाइट व केट विल्हेम या लेखक जोडप्याने ती वाढवली. साधारण अठरा जण, सहा आठवडे, बहुतेक आठवड्यांना नवा शिक्षक, आणि प्रत्येकाने आठवड्याला साधारण एक गोष्ट लिहायची. आता आपण हिशेबी माणसं, तर हिशेब करू. अठरा गोष्टी भागिले पाच दिवस, म्हणजे रोज साडेतीन गोष्टी वाचून, त्यावर टिपणं काढून सकाळी वर्गात हजर. उरलेल्या वेळात स्वतःची लिहायची. त्यातून उरलेल्या वेळात झोपायचं. जाऊन आलेले लोक सांगतात की पहिली दोन कामं होतात.

ऑक्टेव्हिया बटलर १९७० साली इथे शिकली. तिथे असतानाच तिच्या दोन गोष्टी विकल्या गेल्या, आणि त्यानंतरची पाच वर्षं एकही नाही. हे वाचून मला उगाचच धीर आला. टेड चिआंग १९८९ सालचा. हा माणूस पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर कंपन्यांची तांत्रिक माहितीपत्रकं लिहायचा, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. २०१६ सालचा 'अरायव्हल' सिनेमा त्याच्याच कथेवरचा. आपल्याकडचे अनिल मेनन २००४ साली सिॲटलच्या क्लेरियन वेस्टला जाऊन आले. ते संगणकशास्त्रातले डॉक्टरेट. २००९ च्या उन्हाळ्यात त्यांनी, वंदना सिंग आणि सुचित्रा माथुर यांनी मिळून आयआयटी कानपूरला तीन आठवड्यांची अशीच कार्यशाळा घेतली होती. मी तेव्हा नोकरीत नवा होतो आणि रिलीज जवळ आला म्हणून अर्जसुद्धा केला नाही. तो रिलीज कसला होता ते आज आठवत नाही.

म्हणून यंदा ठरवलं होतं, निवड झाली तर जायचंच.

ठरवणं वेगळं. सहा आठवडे म्हणजे कामाचे तीस दिवस. माझ्या खात्यात रजा एकोणीस. उरलेले अकरा बिनपगारी. मॅनेजर भला माणूस आहे, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी सर्टिफिकेट मिळतं का?" मी म्हटलं, ठाऊक नाही. तो म्हणाला, मिळालं तर बरं, सिस्टिममध्ये रजेचं कारण म्हणून ट्रेनिंग टाकता येईल. घरी प्रश्न जास्त खरे होते. जूनमध्ये मुलीची शाळा सुरू, पहिल्या मोठ्या पावसात गच्चीचं पाणी जिन्यात येतं, आणि बाबा गेल्यापासून आई आमच्याकडे असते, तिचे गुडघे. बायको दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "जा. पण परत आलास की सहा आठवडे मी कुठेतरी जाणार, आणि कुठे ते मी ठरवणार. त्यातही बिनपगारी असले तर असले." मी हो म्हटलं. ती मजेत बोलत नव्हती, हे मला आणि तिला दोघांनाही माहीत आहे.

आता गप्प बसण्याचं. या कार्यशाळांमध्ये गोष्टीवर चर्चा करायची एक ठरलेली पद्धत असते. तिला मिलफर्ड पद्धत म्हणतात, नाइटच्याच पुढाकाराने मिलफर्ड गावात १९५६ पासून भरणाऱ्या लेखकांच्या बैठकांवरून. सगळ्यांनी गोल बसायचं. एकेकाने दोन-तीन मिनिटं बोलायचं. ज्याची गोष्ट आहे त्याने तोपर्यंत तोंड उघडायचं नाही. सगळ्यांचं झालं की मग त्याला बोलायची संधी.

पंधरा वर्षं कोड रिव्ह्यू केलेल्या माणसाला यात अवघड काय, असं मला वाटलं होतं. पण कोड रिव्ह्यूमध्ये तोंड चालू असतं हो! कुणी म्हणालं हे चुकलंय, की आपण लिहितो, "तुझा मुद्दा बरोबर, पण आधीपासून असंच आहे," किंवा "पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू." आपल्या बहुतेक करिअरची इमारत या दोन वाक्यांवर उभी असते. शिवाय कोड चालतो तरी किंवा पडतो तरी. गोष्ट पडली हे सांगणारं लाल अक्षर कुठेच येत नाही. ती पडते वाचणाऱ्याच्या डोक्यात, आणि तिथे काय झालं हे ऐकायचं असेल तर गप्प बसावंच लागतं. लेखक काही पुस्तकासोबत वाचकाच्या घरी जाऊन खुलासे करत नाही.

म्हणून घरीच तालीम सुरू केली. मंडळ असं: बायको, टेस्टिंगमध्ये असलेला एक कॉलेजमित्र, शेजारच्या बँकेतून निवृत्त झालेल्या काकू आणि आई. टायमर माझ्या मुलीच्या हातात. मी मध्ये "अरे पण" म्हटलं की तिच्या डब्यात दहा रुपये. पहिल्या शनिवारी तिला १४० रुपये मिळाले.

मित्राने अपेक्षेप्रमाणे तारखा तपासल्या आणि माझी नायिका एकाच मंगळवारी दोन शहरांत असल्याचं दाखवलं. काकू म्हणाल्या, "छान आहे, पण हा माणूस जेवतो कधी?" त्यावर हसू नका. मी नंतर तपासलं, माझ्या सात गोष्टींत मिळून कुणी एकदाही जेवलेलं नाही.

आईची पंचाईत वेगळी. तिला इंग्रजी वाचता येत नाही आणि मी लिहितो इंग्रजीत. का, हा प्रश्न तुम्ही विचाराल. माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. आमच्या घरात नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'ची बाइंडिंग सुटलेली प्रत होती, त्यातल्या 'कृष्णविवर'पाशी माझं सगळं सुरू झालं. ही गोष्ट नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. जयंत विष्णू नारळीकर ही आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखीचं निघू नये म्हणून ती मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली. केवढी खबरदारी! मला हे प्रकरण फार आवडतं, कारण त्यांनाही गोष्ट एकटीच परीक्षकांसमोर उभी करायची होती, सोबत नाव नको होतं. असो. तर सुरुवात मराठीत होऊनही मी वळलो इंग्रजीकडे, कॉलेजमध्ये कधीतरी, आणि मग सवयच झाली.

मग आईसाठी एक गोष्ट मराठीत केली. ज्या गोष्टीवर निवड झाली तीच, कारण ती आईच्याच माहेरावरची होती. आईचं गाव इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठी. उजनी धरण झालं आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी ते पाण्याखाली गेलं. आई तेव्हा सातवीत होती. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा, त्यामुळे उन्हाळ्यात पेपरात "उजनी वजा तीस टक्के" अशा आपल्यालाच समजणाऱ्या बातम्या येतात. पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. २०२४ सालच्या उन्हाळ्यात साठा वजा पन्नासच्याही खाली गेला होता, तेव्हा मी आईला तिकडे घेऊन गेलो होतो, आणि गोष्ट तिथेच सुचली.

गोष्ट अशी: एक तरुण सर्व्हेअर बोटीतून धरणातला गाळ मोजतोय. यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि परत आलेल्या आवाजावरून खोली काढतं. एका रात्री परत येणाऱ्या आवाजात त्याला दारं ऐकू यायला लागतात. खाली गाव आहे, आणि गावातली दारं उघडतायत, लागतायत. शेवटी एक दार उघडतं आणि उघडंच राहतं. ते त्याच्या आईच्या घराचं.

मराठी करायला चार रात्री लागल्या. इंग्रजीत घरंगळत जाणारी वाक्यं मराठीत ठेचकाळली. काही ठिकाणी मी काय म्हणतोय हे मलाच कळेना, म्हणजे इंग्रजीतही तिथे काही नव्हतंच, नुसता नाद होता.

शनिवारी वाचून दाखवली. बाकीच्यांची तीन-तीन मिनिटं झाली. मग आई.

"चांगली आहे," ती म्हणाली. आणि थांबली. मुलीने टायमर चालू ठेवला. "पण गाव बुडालं, बुडालं असं किती वेळा लिहिलंयस. आम्ही कुणी तसं म्हणत नाही. गाव उठलं म्हणतो."

मी गप्प.

"आणि दारं कुठली राहिली तिथं? पाणी यायच्या आधी सगळ्यांनी दारं-चौकटी उपसून आणल्या की. पत्रे, वासे, तुळया, सगळं. लाकूड काय फुकट मिळत होतं? तुझ्या आजोबांनी पहिली चौकट काढली आणि मग उंबरा. माझी आई त्या उंबऱ्यापाशी बसली होती, ती उठेना. तिला आधी उठवली, मग उंबरा काढला. पाण्याखाली नुसत्या भिंती गेल्या. भिंतींना भोकं."

टायमर वाजला. नियमाप्रमाणे आता माझी पाळी होती. मला म्हणायचं होतं की आई, दारं हे प्रतीक आहे. हे वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. डबा समोर होता म्हणून नाही, पण ते बोलायची लाज वाटली. मी "बरं" म्हटलं आणि काकूंसाठी चहा टाकायला गेलो.

आठवडाभर चिडलेला होतो. ही गोष्ट वाचून तिकडच्या लोकांनी मला निवडलं होतं! त्यांच्यातल्या कुणालाही दारं खटकली नाहीत, आणि खटकायचं कारणही नाही. तिथे भेटणारे सतरा जण माझ्या गोष्टीतल्या शंभर चुका काढतील, त्यातल्या नव्वद बरोबर असतील, त्या ऐकायलाच तर चाललोय. पण ही चूक त्या खोलीत कुणाला सापडली नसती. मग अशा आणखी किती असतील? आणि माझं काय? ज्या घरातून ही गोष्ट आली तिथे मी दर सुट्टीत जातो आणि मला हे माहीत नव्हतं. आईला कधी विचारलंच नव्हतं, पाणी आलं तेव्हा काय काय केलंत. देऊळ दाखवायला घेऊन गेलो, फोटो काढले, गोष्ट सुचली म्हणून खूश होऊन परत आलो.

तर मागच्या रविवारी आईला घेऊन मामाकडे गेलो, नव्या गावठाणात. दार तिथेच आहे. लहानपणापासून शेकडो वेळा मी त्यातून आत-बाहेर केलंय. मामाने दाखवलं, वरच्या बाजूला आजोबांचं नाव खिळ्याने कोरलंय, कारण ट्रकमध्ये सगळ्या गावाची दारं एकावर एक घातली होती. नवं घर ठेंगणं बांधलं, तेवढीच ऐपत होती, म्हणून दार खालून चार बोटं कापलं. दारावरच्या नक्षीतली खालची वेल त्यामुळे मध्येच तुटलीय. मला ती नक्षीच तशी वाटायची. उंबरा मात्र बसलाच नाही. तो मागे गोठ्यापाशी आहे, त्यावर मामी धुणं आपटते.

आई त्यावर थोडा वेळ बसली. गुडघे दुखतात म्हणून, असं म्हणाली.

कार्यशाळेत लिहायचं ते तिथेच, नवं लिहायचं असतं, तयार गोष्टी बॅगेत भरून न्यायच्या नाहीत, असं जाऊन आलेले सांगतात. त्यामुळे वहीत मी काही लिहिलेलं नाही. दाराची मापं तेवढी लिहून घेतलीत, कापलेल्या चार बोटांसकट. व्हिसा झालाय (त्या मुलाखतीची गंमत पुन्हा कधीतरी), थंडीचे कपडे लागतील का यावर घरात दोन मतं आहेत, आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याने चौथ्यांदा "उद्या येतो" म्हणून सांगितलंय.

येत्या शनिवारी शेवटची तालीम. मी आईला म्हटलं, तिकडे पहिल्या आठवड्यात दारांची गोष्ट लिहिली तर रात्री फोन करून वाचून दाखवू का? ती म्हणाली, "फोनवर नको. आल्यावर दाखव. आणि मराठीत कर."

डब्यात ३७० रुपये जमलेत.