मनीच्या हिरड्या

गावाकडं ढोर मेलं की महारानं विष घातलं म्हणून आमच्याच बापजाद्यांना चावडीवर बडवायचे. आजा हे सांगताना अजून पाठ चोळायचा. आणि परवा आमची मनी लोळागोळा होऊन पडली, तर वस्तीतली आपलीच पोरं म्हणतात, "पालातल्या त्या पारध्याच्या पोराचं काम हाय." पुरावा? "आन दुसरं कोन आसनार?" दोस्तांनो, १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला. आपल्या जिभेवरून कधी जायचा?

म्हटलं, आधी मांजराचं बघू, माणसाचं मागनं.

मावशी मीठपाणी घेऊन धावली. तिला अडवलं. मीठच मांजराला बाधतं, आणि पाजताना पाणी फुप्फुसात गेलं तर खेळ खलास. एकानं तापाची गोळी आणली. पॅरासिटामॉलची ५०० ची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते. रक्त तपकिरी पडतं, तोंड सुजतं. मनीचा ओठ उचलून पाहिला. हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्याफटक. नाकाशी रक्ताचा ओघळ. तोंडाला लसणाचा वास नव्हता, हे बरं. उंदरासाठीची ती काळी पूड, झिंक फॉस्फाईड, पोटात गेली की तसा वास मारतो. तिच्यावर उतारा नाही.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काचेच्या नळीत धरलं. गोठेचना. "चार-पाच दिवसांत उंदीर खाल्ला का?" खाल्ला होता. आयनं बघितलं होतं, गोदामाकडनं झिंगत आलेला उंदीर. तिथं ब्रोमाडायोलोनच्या वड्या टाकलेल्या. हे विष लगेच मारत नाही. अंगातलं के जीवनसत्त्व ते पुन्हा वापरू देत नाही. रक्त गोठवणारा जुना साठा दोन-चार दिवस पुरतो, मग आतल्या आत रक्त वाहतं. म्हणजे काल कोण वस्तीतनं फिरत होतं ह्या चौकशीला काडीचा अर्थ नाही.

पोरांना हे सांगितलं. एक जण तरी म्हणालाच, "पन त्यो तिकडं फिरत हुता." म्हटलं, तू पण फिरत होतास.

गोदामवाल्याला सांगून आलो, वड्या पेटीत ठेव, मेलेले उंदीर उचल. त्यानं हो म्हटलंय. बघू.

के-१ चं इंजेक्शन कातडीखाली दिलं, मग रोज गोळी, चार आठवडे, तुपात कालवलेल्या मच्छीबरोबर. स्निग्ध असलं की औषध अंगी लागतं. तिसऱ्या दिवशी मनी उठून म्याँव करायला लागली. आय म्हणाली, आता कशाला पैसे घालवतो? पण विष काळजात आठवडेच्या आठवडे दबा धरून बसतं. गोळी मधीच सोडली की पुन्हा रक्त. आज बावीस दिवस झाले. सहा गोळ्या उरल्यात. त्या संपल्यावर दोन दिवस थांबायचं आणि परत रक्त तपासायचं.