दार तेच, खोली दुसरी

"मराठी विभागात कॉम्प्युटरवाल्यांनी लिहू नये असा नियम आहे का?" असं विचारून संपादक मंडळातल्या मैत्रिणीने माझ्याकडून लेख कबूल करून घेतला. कविता मला जमत नाही, आणि प्रवासवर्णन लिहावं तर हॉस्टेल ते मेस यापलीकडे माझा प्रवास नाही. म्हणून सरळ एक चूक लिहितोय. चूक माझी, भोगली मात्र माझ्या रूममेटने.

रूममेट सिव्हिलचा. नदीच्या वाळूऐवजी काही प्रमाणात क्रश सँड वापरली तर काँक्रीटच्या ताकदीत काय फरक पडतो, हा त्याचा फायनल इयरचा प्रोजेक्ट. १५ सेंटिमीटरचे क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे आणि मग सीटीएम मशिनमध्ये ठेवून फोडायचे. किती लोडला फुटला ते लिहायचं, तडे कसे गेले त्याचे चारी बाजूंनी फोटो काढायचे. फोटोंनी त्याचा मोबाईल भरला, तेव्हा मी छाती पुढे काढून म्हणालो, "टेन्शन घेऊ नकोस, तुला क्लाउडवर सर्व्हर लावून देतो!"

क्लाउड म्हणजे काही आभाळात नसतं. कुठल्यातरी डेटा सेंटरमधला भाड्याचा कॉम्प्युटर, इतकंच. त्याला स्वतःची डिस्क असते, पण सर्व्हर डिलीट केला की सहसा ती डिस्कही त्याच्याबरोबर जाते. म्हणून जपून ठेवायच्या फाइल्स वेगळ्या नेटवर्क स्टोरेजवर ठेवतात आणि ते स्टोरेज सर्व्हरवरच्या एखाद्या फोल्डरला जोडतात. या जोडण्याला म्हणायचं 'माउंट' करणं. यासाठी लागणारं एनएफएस सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये आणलं. म्हणजे क्लाउड हा शब्द आपल्या तोंडी बसायच्या कितीतरी आधी.

पहिल्या रात्री कमांड दिली की कर्सर नुसता लुकलुकत राहायचा. एरर नाही, उत्तर नाही. मी स्पेलिंग तपासली, आयपी अ‍ॅड्रेस तपासला, दोनदा चहा केला. पहाटे तीनला लक्षात आलं की स्टोरेजच्या फायरवॉलमध्ये २०४९ नंबरचा पोर्ट उघडलेलाच नाही! एनएफएसच्या चौथ्या व्हर्जनचं सगळं बोलणं या एकाच पोर्टवरून चालतं. पोर्ट उघडला आणि क्षणात माउंट झालं. आनंदाच्या भरात रूममेटला उठवून सांगितलं. "सकाळी बघू," म्हणून त्याने पांघरूण डोक्यावर ओढलं.

मग मी त्याच्यासाठी एक साधं पेज बनवलं. लॅबमधून मोबाईलवर रीडिंग टाकायचं, फोटो चढवायचे. प्रोग्रॅम त्या दिवसाच्या तारखेचा फोल्डर आपोआप बनवायचा. "अपलोड झालं की मोबाईलमधले फोटो उडवत जा," हा सल्लाही माझाच.

इथे जरा थांबून माउंटची गंमत सांगतो. समजा कॉरिडॉरमध्ये 'सामान' अशी पाटी असलेलं एक दार आहे. आत एक छोटी रिकामी खोली. आपण त्या दारातून थेट पलीकडच्या बिल्डिंगमधल्या गोडाऊनला जोडणारा बोळ काढला. आता दार उघडलं की गोडाऊन लागतं. पण उद्या तो बोळ बंद झाला तर दार काही गायब होत नाही. तेच दार, तीच पाटी. फक्त आत पुन्हा ती छोटी खोली असते. सामान ठेवणाऱ्याला काय कळणार?

माझं नेमकं हेच झालं. हाताने दिलेली माउंट कमांड सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंतच टिकते. पुढच्या वेळी आपोआप जोडलं जावं म्हणून एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहावी लागते. ती ओळ मी 'उद्या' लिहिणार होतो. एके दिवशी अपडेट टाकून मी सर्व्हर रीस्टार्ट केला. पेज उघडलं, छान चाललं होतं. प्रोग्रॅमला रिकामा फोल्डर दिसला, त्याने निमूटपणे नव्या तारखेचा फोल्डर बनवला आणि पुढचे १२ दिवस सगळं सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर लिहीत राहिला. एकही एरर नाही!

त्याच १२ दिवसांत रूममेटचे २८ दिवस पुरे झालेले १८ क्यूब फुटले.

पुढे पैसे वाचवायचे म्हणून मी तो सर्व्हर डिलीट करून लहान सर्व्हर घ्यायचं ठरवलं. डेटा तर वेगळ्या स्टोरेजवर आहे, मग भीती कसली? नवीन सर्व्हर लावला, स्टोरेज माउंट केलं, फोल्डर उघडला. रीस्टार्टच्या दिवसापर्यंतचं सगळं होतं. त्यानंतरचं काहीच नव्हतं. जुना सर्व्हर असता तर त्याच्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं मिळालं असतं. तो मी अर्ध्या तासापूर्वी स्वतःच्या हाताने उडवला होता.

रूममेटला सांगायला मला संध्याकाळ लागली. मेसमध्ये सांगितलं नाही, जेवण झाल्यावर गच्चीवर सांगितलं. तो चिडेल, शिव्या देईल अशी तयारी होती. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "प्रोग्रॅम परत चालवता येतो रे. क्यूब परत फोडता येत नाही."

नवे क्यूब भरून २८ दिवस थांबायला सबमिशनपूर्वी वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं लॅबमध्ये गेलो. मीच लॅब असिस्टंट काकांना सगळं सांगितलं. काकांनी कपाटातून जाड रजिस्टर काढलं. तारीख, क्यूब नंबर, वजन, लोड, सगळं निळ्या पेनने लिहिलेलं. १८ च्या १८! "मशीन चालू केलं की आधी इथं लिहायचं, ही सवय आहे माझी," काका म्हणाले. "तुम्ही पोरं मोबाईलमध्ये बघत असता, मी डायलकडे बघत असतो."

आकडे वाचले, ग्राफ निघाला. फोटो मात्र गेले ते गेलेच. तड्यांवरचं अख्खं प्रकरण त्याच्या रिपोर्टमध्ये एका परिच्छेदावर आलं. व्हायव्हात एक्स्टर्नलनी विचारलंच, "२८ दिवसांच्या क्यूबचे फोटो कुठायत?" "सर, सेव्ह करताना गेले," एवढंच त्याने सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. ते मला जास्त लागलं.

तो सर्व्हर आता ज्युनिअर्सकडे जाणार आहे, म्हणून काय काय केलंय ते इथेच सांगून ठेवतो. एफएसटॅबमध्ये ओळ लिहिली आहे, आणि नेटवर्क सुरू झाल्यावरच माउंट कर असा पर्यायही तिच्यात दिला आहे. मूळच्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी प्रोग्रॅमकडून काढून घेतली आहे. म्हणजे स्टोरेज जोडलेलं नसेल तर तो गुपचूप चालणार नाही, ओरडेल. शिवाय प्रत्येक वेळी लिहिण्याआधी 'माउंटपॉइंट' कमांडने खात्री करतो. आणि नेटवर्क स्टोरेज म्हणजे बॅकअप नव्हे. तिथली फाइल उडवली की ती सगळ्या सर्व्हरवरून जाते. म्हणून दर रविवारी एक कॉपी साध्या हार्ड डिस्कवर घ्यायची.

तर ज्युनिअर मित्रांनो, सर्व्हर डिलीट करण्याआधी एकदा डीएफ कमांड मारून आपल्या फाइल्स नक्की कुठे आहेत ते बघा. फोल्डरच्या नावावर जाऊ नका. आणि कधी सिव्हिलच्या लॅबकडे गेलात तर काकांचं रजिस्टर बघून या. रूममेट आणि मी निकालाच्या दिवशी पेढे घेऊन पहिल्यांदा तिथेच जाणार आहोत.