अळणी भाजी पडद्यावर कशी दाखवणार?



पुस्तक चांगलं की त्यावरचं नाटक-सिनेमा, हा वाद आम्हा मैत्रिणींत काही संपत नाही. पापड लाटायला चौघी जमल्या की कुणीतरी तो काढतंच. मिलिंद बोकील यांची 'शाळा' घ्या. कादंबरी २००४ सालची. तिच्यावरून 'गमभन' हे नाटक झालं आणि २०१२ मध्ये सुजय डहाके यांचा चित्रपट आला. एक म्हणते, वर्गातला दंगा नाटकातच बघावा, पोरं समोर असतात. दुसरी म्हणते, मुकुंद मनातल्या मनात जे बोलतो ते फक्त पुस्तकातच ऐकू येतं. दोघींचंही बरोबर आहे, म्हणून हा वाद लवकर मिटतो.

'श्यामची आई'चा मात्र मिटत नाही. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहून काढलं. १९३५ साली ते छापून आलं. त्यात ४२ रात्री आहेत, एका रात्री एक आठवण. आचार्य अत्र्यांचा चित्रपट आला १९५३ साली. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे श्याम. १९५४ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले, तेव्हा राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळालं. आणि २०२३ मध्ये त्याच सुजय डहाके यांनी पुन्हा 'श्यामची आई' केला, तोही कृष्णधवल.

आमच्यातल्या ज्येष्ठ काकूंना वनमालाबाईंशिवाय दुसरी आई चालतच नाही. आशाताईंनी गायलेलं द्रौपदीचं गाणं लागलं की त्या हातातलं काम थांबवतात. माझी जाऊ उलट बोलते. ती म्हणते, "मला पडद्यावरची आई नकोच. वाचताना मला माझी आई दिसते, ती कुणी बदलू नये." तिची आई जाऊन सहा वर्षं झाली. यावर काकूही गप्प बसतात.

माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. काही गोष्टी पडद्यावर मावतच नाहीत असं मला वाटतं, आणि त्यासाठी मी नेहमी 'अळणी भाजी'ची रात्र पुढे करते. आठवतेय ना? आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील एका शब्दाने बोलत नाहीत, उलट भाजीची तारीफ करत जेवतात. ते बघून मुलंही निमूट जेवतात. सगळ्यांचं झाल्यावर आई स्वतः पानावर बसते, तेव्हा तिला कळतं.

आता ही भाजी दाखवायची कशी? भाजी अळणी आहे हे बघणाऱ्याला चेहऱ्यावरून कळायला हवं. आणि या गोष्टीचं मोठेपण तर चेहऱ्यावर काहीच न दिसण्यात आहे! कॅमेऱ्याला चव कळत नाही, आणि गिळलेला शब्दही दिसत नाही. पुस्तक मात्र दोन्ही सांगून जातं.

आपल्यात व्रताला मीठ सोडणाऱ्या पुष्कळ जणी आहेत. ते सोडणं आपण आधी ठरवलेलं असतं, मनाची तयारी झालेली असते. पण न ठरवता अळणी पानात आलं आणि तरी करणारीला दुखावणारा शब्द तोंडातून गेला नाही, तर तो संयम मला जास्त कठीण वाटतो.

गेल्या चातुर्मासात मी हे पुस्तक सासूबाईंना वाचून दाखवत होते. आमचं जेवण सूर्यास्ताआधी आटोपतं, त्यामुळे रात्र मोठी मिळते. त्यांचं वय आता ७९. शाळा चौथीपर्यंत. अत्र्यांचा सिनेमा त्यांनी लहानपणी गावच्या जत्रेत, तंबूत बघितलेला. पुस्तक त्यांच्या हातात कधी आलंच नाही. "मुलीच्या हातात तेव्हा पुस्तक कोण देणार? सिनेमा तरी बघायला मिळाला," असं त्या म्हणतात.

'अळणी भाजी' वाचून झाली आणि मी पान उलटणार, तर त्यांनी हात धरला.

"हे मला सिनेमातलं आठवत नाही," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडं असं झालं असतं तर ताट भिंतीवर गेलं असतं. एकदा गेलंही होतं. पोरं उठायच्या आत मी भिंत पुसून घेतली."

वीस वर्षं मी या घरात आहे. हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. काय बोलावं कळेना. त्याच म्हणाल्या, "परत वाच. त्यांनी तारीफ केली तिथनं."

मी परत वाचलं. त्या रात्री पुढची गोष्ट झाली नाही.

सिनेमागृहात असं कुणाला मध्ये थांबवता येत नाही. गोष्ट पुढे जाते, आपण डोळे पुसतो आणि बाहेर येतो. पुस्तकाचं पान बोट घालून मिटता येतं, आणि त्या मिटलेल्या वेळात घरातलं माणूस बोलू शकतं. म्हणून गुरुजींनी केलेल्या या रात्री मला फार मोलाच्या वाटतात. दोन रात्रींच्या मध्ये आपल्यासाठी जागा ठेवलेली आहे.

तरी मी सिनेमाला नावं ठेवणार नाही. ज्या मुलीला पुस्तक कुणी दिलं नाही, तिला श्यामची आई तंबूतल्या पडद्यानेच भेटवली. आमच्या इंग्रजी माध्यमातल्या मुलींचंही तसंच होणार आहे. माझी लेक मराठी अडखळत वाचते. तिला आधी सिनेमा दाखवला, तेव्हा कुठे ती पुस्तकाकडे वळली. आता ती आजीला वाचून दाखवते. जोडाक्षर अडलं की आजी अंदाजाने शब्द पुरवते, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो.

तुमच्या घरी पुस्तक असेल तर एक रात्र मोठ्याने वाचून बघा. फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. वाचून झालं की लगेच उठू नका, थोडा वेळ तिथेच बसा. कुणाला काय सांगायचं असेल, ते आपल्याला आधी माहीत नसतं.