ज्याची त्याची जीभ

मराठी घरात मुलाचं वळण ताटावरून ठरतं. भाजी निमूट संपवणारं मूल गुणी, कोबी कडेला सारणारं लाडावलेलं. ‘पानात टाकायचं नाही’ म्हटलं की पुढे बोलायची सोय नसते. माझी धाकटी बहीण मुळ्याच्या भाजीपुढे डोळ्यांत पाणी आणून बसायची. कडू लागते, एवढंच तिचं म्हणणं. आम्हा बाकीच्यांना ती उग्र लागे, पण कडू? कडू म्हणजे कारलं! तेव्हा ही नखरे करते, असं आम्ही एकमतानं ठरवून टाकलं होतं.

ती बहुधा खरं बोलत होती.

१९३१ सालची गोष्ट. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स हा रसायनशास्त्रज्ञ एक पूड बाटलीत भरत होता. फिनाइलथायोकार्बामाइड तिचं नाव. थोडी पूड हवेत उडाली आणि शेजारचा सहकारी कडू कडू म्हणून कुरकुरू लागला. फॉक्स तर तिच्या अधिक जवळ होता, त्याला काहीच लागेना. दोघांनी चाखून पाहिली, तरी तेच. मग लोकांना ती पूड चाखायला देण्याचं वेडच लागलं. ही चव न लागणं रक्ताच्या नात्यातून उतरतं हे लवकरच कळलं. आपल्याकडे मानववंशशास्त्राचे अभ्यासकही तिचं द्रावण घेऊन गावोगाव, जातीजमातींत फिरले. १९३९ मध्ये तर रोनाल्ड फिशरसारखा थोर संख्याशास्त्रज्ञ ते घेऊन चिंपांझींपुढे उभा राहिला. त्यांच्यातही दोन तट निघाले! काहींनी मुकाट गिळलं, काहींनी थुंकून टाकलं.

यामागचं जनुक सापडायला २००३ साल उजाडलं. टीएएस२आर३८ असं त्याचं रुक्ष नाव, मुक्काम सातव्या गुणसूत्रावर. त्यातून जिभेवरचं एक ग्राहक-प्रथिन घडतं. त्या प्रथिनात तीन ठिकाणची अमिनो आम्लं बदलली की काहींना तो कडूपणा सोसवत नाही आणि काहींच्या गावीही नसतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही सगळी एकाच कुळातली. ती चिरली-चावली की त्यांतून गंधकयुक्त संयुगं सुटतात, आणि त्यांतली काही याच ग्राहकाला नेमकी बोचतात. त्यांतलं एखादं आहारात फार झालं आणि आयोडीन कमी पडलं, तर गलगंडाला हातभार लागू शकतो. म्हणजे बहिणीच्या जिभेला नखरेल म्हणण्यापेक्षा सावध म्हणणं अधिक न्यायाचं.

मात्र या एका जनुकावरून माणसाच्या आवडीनिवडीची कुंडली मांडू नये. कडू ओळखणारे ग्राहक माणसाकडे पंचवीसच्या आसपास आहेत. मुळा गोड मानून खाणाराही पाडव्याला कडुलिंबाचा पाला चावताना तोंड वाकडं करतोच. शिवाय सवय असते, भूक असते आणि स्वयंपाक करणाऱ्याचा हात असतो. कारल्याच्या चकत्यांना मीठ चोळून त्या पिळून काढणाऱ्या आजीला ग्राहक-प्रथिनं ठाऊक नव्हती. पण त्या मिठानं नुसतं कडू पाणी सुटत नाही. जिभेवरही मीठ कडूपणाला दाबतं, हे पुढे प्रयोगांनी दाखवलं. वर गूळ, चिंच, खोबरं असतंच. आरोग्याचे सल्ले देणारे ‘पालेभाज्या खा’ म्हणतात, तेव्हा तो सल्ला किती वेगवेगळ्या जिभांवर पडणार आहे याचा विचार त्यांच्यापेक्षा आमच्या आजीनं जास्त केला होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

मला सर्वांत गंमत वाटते ती नाकाची. टीएएस२आर३८ मधून घडणारा हाच ग्राहक नाकातल्या अस्तरावरही असतो. काही जंतू आपापसांत संदेशासाठी जी रसायनं सोडतात, ती या ग्राहकाला कळतात, आणि मग तिथल्या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडून जंतूंना मारतात. पेनसिल्वेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये हे दाखवलं. ज्यांचा हा ग्राहक मंद, त्यांचा हा पहाराही ढिला.

आमचे एक काका कच्चा मुळा मिटक्या मारत खातात आणि वर्षभर शिंकत असतात. एका माणसावरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. तरी मी त्यांना हे सगळं सविस्तर समजावून सांगितलं. त्यांनी रुमालात नाक शिंकरलं आणि विचारलं, “मग आता काय, मुळा सोडू?”