खोडरबर आणि अठ्ठेचाळीस आकडे

ह्या चवथीला पुतणी पुण्याहून गोव्यात आमच्या हळर्णला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिचा लॅपटॉप बसला. बटण दाबलं की निळा पडदा आणि त्यावर एकच मागणी, अठ्ठेचाळीस आकडी रिकव्हरी की. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मशीन बिघडलं की माझ्याकडे पाहायचं, ही आमच्याकडची वीस वर्षांची रीत. मीही सवयीने स्क्रूड्रायव्हर आणायला उठलो आणि अर्ध्या वाटेतून परत येऊन बसलो. त्या लॅपटॉपमध्ये मी उघडावं असं काही उरलेलंच नव्हतं. रॅम बोर्डावरच डकवलेली, डिस्क म्हणजे च्युइंगमच्या कांडीएवढी पट्टी, आणि ती काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी तिच्यावरचं सगळं कुलूपबंद.

"काका, तू बस. मी बघते," ती म्हणाली. फोनवरून आपल्या खात्यात शिरली, सहा-सहा आकड्यांचे आठ गट शोधून काढले, एकेक करून टाइप केले. लॅपटॉप सुरू झाला. चुलीवरचा चहा उकळायच्या आत. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं ते भलतंच, आणि ते लिहायची जरा लाज वाटते. मला वाटलं, एवढ्यात कसं झालं?

आमच्या वेळी एवढ्यात काहीच होत नसे. आमची पिढी म्हणजे 2000 नंतरच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आला ती. कोणाकडे गल्फमधल्या मामाच्या पैशांनी आला, कोणाकडे पर्रीकरांच्या सरकारच्या सायबरएज योजनेतून अकरावीतल्या मुलाच्या नावाने आला, आमच्याकडे सुटे भाग जुळवून केलेला 'असेंबल्ड' आला. पाहुणा आल्यासारखा आला. आईने त्याला तीन आच्छादनं शिवली, मॉनिटरला एक, सीपीयूला एक, कीबोर्डला एक, तिन्हींना झालर. त्या खोलीत चपला नेत नसत. दसऱ्याला त्याच्यावर झेंडूचं फूल असे आणि कुंकवाचं बोट, सीडीच्या ट्रेच्या जरा वर. मिरग लागला की आभाळ गडगडायच्या आधी त्याची वायर काढायची, आणि मॉडेमची आधी काढायची, कारण वीज फोनच्या तारेतून यायची आणि मॉडेम खाऊन जायची. हे सगळं करूनही तो बिघडायचाच.

आता वायर कोणी काढत नाही. लॅपटॉप गादीवर उशाशी झोपतो, त्याच्या झाकणावर चहाचा कप ठेवलेला असतो, आणि तो सहसा बिघडतही नाही. आम्ही ज्यांची इतकी बडदास्त ठेवली ती मशीनं वर्षातून दोनदा आजारी पडायची. हे पोरकं वाढतंय आणि ठणठणीत आहे.

तर 2005 सालचा कार्तिक. परतीच्या पावसाने उशीर केला होता आणि गावातली जत्रा आठ दिवसांवर होती. जत्रेतल्या नाटकाच्या सगळ्या नकला बाबांनी कॉम्प्युटरवर टाइप केल्या होत्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन बोटांनी मराठी टायपिंग शिकलं होतं, आणि त्याचा पहिला मोठा उपयोग हा. अर्ध्या नकला छापून वाटल्या होत्या, अर्ध्या मशीनमध्ये होत्या. संध्याकाळी एकदा वीज लकाकली, दिवे गेले, आले, परत गेले. दुसऱ्या दिवशी बटण दाबलं तर लांब बीप, थांबून परत लांब बीप.

बीपची भाषा आम्हाला यायची. एक छोटी बीप म्हणजे सगळं ठीक. लांब बीप परत परत म्हणजे रॅम. आणि रॅमवरचा उपाय म्हणजे खोडरबर. हे नव्या मुलांना सांगितलं तर थट्टा वाटते, पण खरंच तोच उपाय होता. सीपीयूचं पत्र्याचं दार काढायचं, रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या कड्या दाबून उपसायची, तिच्या सोनेरी दातांवरून शाळेतला पांढरा रबर हलक्या हाताने फिरवायचा, भुगा फुंकून टाकायचा, आणि 'टक्' असा आवाज येईपर्यंत परत बसवायची. आमच्या दमट हवेत त्या दातांवर थर धरायचा, तो निघाला की जोड लागायचा. पाचांतून एकदा लागायचा, पण त्या एकदामुळे आम्ही उरलेले चार विसरायचो. त्या दिवशी आत पालीची अंडी निघाली, दोन. आईने ती कागदावर घेऊन परसात ठेवली.

जोड लागला. बीप एकच, छोटी. सगळ्यांनी श्वास सोडला आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ उमटली : एनटीएलडीआर इज मिसिंग. म्हणजे मशीन जागं झालं, पण विंडोजला उठवणारी फाइलच डिस्कवर सापडेना. पहिला आजार बरा झाला तेव्हा दुसरा दिसला.

एव्हाना बातमी वाड्यावर गेली होती. "किते जाले रे? नाटक गेलें?" विचारत माणसं येऊ लागली. नाटकात राजा होणारे गृहस्थ येऊन खुर्चीत बसले ते उठेनात. एकाने सांगितलं, डिस्क फ्रीजमध्ये ठेवा. हा सल्ला तेव्हा फार चालायचा, आणि कधीकधी गोठलेली डिस्क दहा-पंधरा मिनिटं चालायचीही. एका मित्राच्या घरी हा प्रयोग मी पाहिला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीत डिस्क, शेजारच्या पिशवीत बांगडे. बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी सुटलं आणि ती कायमची मेली. बांगडे चांगले निघाले. आम्ही फ्रीजच्या वाटेला गेलो नाही.

दुसरा मार्ग म्हणजे डिस्क काढून शेजारच्या कॉम्प्युटरला 'स्लेव्ह' म्हणून जोडायची. पाठीमागे चिमटीत मावणार नाही एवढा जंपर असायचा. तो एका जागी लावला की डिस्क मालक, दुसऱ्या जागी लावला की गुलाम. त्या शब्दांचं आम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवतो. पण शेजारचा कॉम्प्युटर सायबरएजचा होता आणि शेजारचे काका म्हणाले, सरकारी वस्तू आहे, ती उघडायची नाही. झालं.

मग ती सीडी आठवली. एका मासिकाबरोबर आलेली, नॉपिक्सची. क्लाउस नॉपर ह्या जर्मन गृहस्थाने 2000 साली काढलेलं हे लिनक्स. ते डिस्कवर चढवावं लागत नसे. सीडी घालायची, आणि तिच्यावरूनच अख्खा कॉम्प्युटर चालू व्हायचा, मेमरीत, डिस्कला हातही न लावता. आमच्यासाठी लिनक्स अगदीच परकं नव्हतं. गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट म्हणून परदेशातले वापरलेले कॉम्प्युटर गोव्यातल्या शाळांत आणून त्यावर लिनक्स चालवायची खटपट झाली होती, तिच्याविषयी पेपरात वाचलं होतं. पण वाचणं वेगळं, आणि राजा मागे बसलेला असताना करणं वेगळं.

'डिलीट' बडवत बायोसमध्ये शिरलो, सीडीला पहिला मान दिला. सीडी घरघरली. पाच मिनिटं नुसती अक्षरांची रांग धावत होती आणि कोणी बोलत नव्हतं. मग पडद्यावर चित्र आलं, आणि एका कोपऱ्यात आमच्या मेलेल्या डिस्कचं निशाण. टिचकी मारली. उघडली. फक्त वाचायची परवानगी, लिहायची नाही. जखमी डिस्कला तेच बरं. 'माय डॉक्युमेंट्स', त्यात 'नाटक', त्यात चौदा फाइली. राजाने खुर्चीतून उठून माझ्या पाठीवर असा काही हात मारला की पेनड्राइव्ह खाली पडला. 128 एमबीचा. नकला एका खेपेत आल्या, बहिणीच्या लग्नाचे फोटो आणायला अकरा खेपा लागल्या, दर खेपेला ते शेजारच्या सरकारी वस्तूत नेऊन ओतायचे आणि रिकामा पेनड्राइव्ह घेऊन परत यायचं, मध्ये पावसाचं डबकं.

इथे थांबलो तर गोष्ट छान होते, आणि म्हणूनच मला तिचा संशय येतो. कारण शेजारी जाऊन नकला उघडल्या तेव्हा त्यांत मराठी नव्हतं. नुसती रोमन अक्षरं, डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली, ओळीमागून ओळी. तेव्हाचे मराठी फॉन्ट म्हणजे सोंग होतं. आत इंग्रजीच अक्षरं असत, फॉन्ट त्यांना वरून देवनागरी मुखवटा चढवी. मुखवटा आमच्या जुन्या डिस्कवर, विंडोजच्या फोल्डरात राहिला होता. मी दस्तऐवज वाचवले आणि लिपी आत सोडून आलो. तेवढ्यात डिस्कने करकर सुरू केली आणि मग तीही बंद केली.

पेडण्याच्या एका डीटीपीवाल्याने तसाच दिसणारा फॉन्ट फ्लॉपीवर दिला. तसाच, पण तोच नव्हे. सगळं आलं, रफार तेवढे गेले. धर्मराजाचा धमराज झाला आणि सूर्यास्त सूयास्ताला आला. दोन रात्री बसून बाबांनी लाल पेनाने एकेक रफार घातला. नाटक झालं. प्रयोगात एकाने सुटलेला रफार सुटल्यासारखाच म्हटला आणि लोकांनी टाळ्या दिल्या.

ह्यावरून आमच्या कोटाची आठवण होते. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून हळर्णचा किल्ला घेतला आणि त्या विजयाबद्दल व्हाइसरॉयला किताब मिळाला तो ह्याच गावाच्या नावाचा. पण त्यांच्या भाषेत 'ह' उमटेना आणि 'ळ' तर नव्हताच. मार्किस ऑफ अलोर्ना झाला. नाव पोर्तुगालात जपून राहिलं, अक्षरं इथेच शापोरा नदीच्या काठी राहिली. फॉन्ट बदलला की असंच होतं.

आजच्या मुलांना हे भोग नाहीत. युनिकोड आलं, आता हळर्णमध्ये लिहिलेलं मराठी हेलसिंकीतही मराठीच दिसतं, रफारासकट. पुतणीच्या फोटोंवर तारीख असते, जागा असते, माणसांची तोंडं ओळखून फोनच त्यांचे गठ्ठे बांधतो. आम्ही पुढे एकदा फुटक्या डिस्कवरून फोटोरेक नावाचा प्रोग्राम वापरून चित्रं काढली तेव्हा ती नावांशिवाय आली, नुसते क्रमांक. बारसं, तेरावं, सहल आणि काजूच्या झाडाखालचा कुत्रा एकापाठोपाठ एक. ती ओळखायला मावश्या, काकू, आजी पडद्याभोवती बसल्या. तीन दुपारी गेल्या. "ही कोण? हिचं तर लग्नच झालं नव्हतं तेव्हा." नावं नव्हती म्हणून माणसं जमली. आता नावं फोनलाच माहीत, म्हणून कोणी विचारत नाही. पण त्या तीन दुपारींसाठी दोनशे फोटो गमवायला मी पुन्हा तयार आहे का? नाही. अजिबात नाही.

आणि आणखी एक कबुली. आमच्या त्या पराक्रमात पराक्रम थोडाच होता. दार उघडंच होतं. विंडोजला पासवर्ड असायचा, पण सीडी घालून मागून शिरलं की तो विचारणारं कोणी नसे. मी बाबांच्या फाइली काढल्या तशा दुरुस्तीवाल्याला कोणाच्याही काढता येत असत, आणि लोक आपला सीपीयू बसच्या मागच्या सीटवर ठेवून म्हापशाला नेऊन, पावती न घेता, त्याच्या स्वाधीन करून येत. काय काय पाहिलं असेल त्याने. आता नव्या विंडोज मशीनवर कुलूप बहुधा आपसूकच लागलेलं असतं. ते योग्यच आहे. पुतणीचा लॅपटॉप चोरीला गेला तर मी त्या कुलपाला नमस्कार करीन.

फक्त, बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली. शेवटची काही वर्षं ते फोनवर टिपणं लिहीत, गावातल्या जुन्या नाटकांबद्दल, कोण कुठली भूमिका करायचा, कोणाला कोणत्या वाक्याला टाळी पडायची. 'पूर्ण झालं की दाखवतो,' म्हणत. सहा आकड्यांचा पिन त्यांनी कोणाला सांगितला नाही. फोन कपाटात आहे. मी महिन्यातून एकदा चार्ज करतो. तो चालू होतो, वेळ बरोबर दाखवतो, आकडे मागतो. त्यांची जन्मतारीख नाही, आईची नाही, शाळेतून निवृत्तीची तारीख नाही. आता आणखी चुका केल्या तर तो सगळं पुसून टाकील अशी भीती वाटते, म्हणून मी प्रयत्न थांबवले आहेत. 2005 सालची त्यांची प्रत्येक ओळ माझ्याकडे आहे, लाल रफारांसकट. नंतरची एकही नाही.

पुतणी परवा परत गेली. जाताना विचारत होती, परसात मिरचीवर लटकवलेल्या त्या सीडी कसल्या. उबुंटू लिनक्सच्या, सांगितलं, मागवल्या की परदेशातून टपालाने फुकट यायच्या, 2011 पर्यंत यायच्या, पोस्टमन विचारायचा तुमचं कोण तिकडे आहे म्हणून. मधली एक नॉपिक्सची आहे. आईने माकडांसाठी बांधल्यात. ऊन पडलं की चकाकतात. माकडं घाबरत नाहीत.