वाड्यातला खांब

गेल्या दिवाळीत धाकट्या भावानं ओसरीवर हक्कसोडपत्राचा कागद पुढे केला. "ताई, एवढी सही करून टाक. तुले पुण्याहून येऊन इथं काय करायचं आहे?" राग नव्हता त्याच्या बोलण्यात. वहिनीनं चहासोबत पेनही आणून ठेवला होता.

आमचा वाडा मेहकर तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. वाडा म्हणायची सवय, इतकंच. दोन चौकांपैकी मागचा चौक मी शाळेत असतानाच बसला. गढीच्या भिंतींची पांढरी माती लोकांनी गाड्या भरभरून शेतात नेली, आणि आजोबांनी कुणाला अडवलं नाही. पुढच्या चौकाचे वाटे पडत गेले. एका वाटणीची विटांची भिंत नेमकी सागवानी खांबावर आली. त्यामुळे तो खांब आता अर्धा काकांच्या स्वयंपाकघरात आहे आणि अर्धा आमच्या देवघरात. काकूंच्या बाजूनं तो फोडणीच्या धुरानं काळा झालाय, आमच्या बाजूनं तेलाच्या हातांनी.

दोन वर्षांपूर्वी मुलाकडे नॉटिंगहॅमला गेले होते. त्यानं एका रविवारी हार्डविक हॉल दाखवायला नेलं. टेकडीवर उभं, भिंतींपेक्षा खिडक्याच जास्त असलेलं घर. मला खरं तर अशा ठिकाणी कंटाळा येतो. राजेरजवाड्यांचे पलंग किती बघायचे? पण छपराच्या कठड्यावर दगडात कोरलेली दोन मोठी अक्षरं दिसली: ई आणि एस. एलिझाबेथ, श्रूजबरीची काउंटेस. लोक तिला बेस ऑफ हार्डविक म्हणतात. चार लग्नं केली, चारही नवरे गेले, आणि चौथा गेला त्याच वर्षी, १५९० साली, या घराचं काम सुरू झालं. १५९७ मध्ये ती इथं राहायला आली.

१५९७! मी मनातल्या मनात सिंदखेडराजाला पोचले. लखुजी जाधवांच्या वाड्यात जिजाऊंचा जन्म झाला तो १५९८ च्या जानेवारीत. म्हणजे एकाच सुमाराची दोन घरं. लहानपणी आम्ही एसटीनं सिंदखेडला जायचो तेव्हा तो महादरवाजा पाहून भाऊ विचारायचा, आत घर कुठं आहे? १६२९ मध्ये देवगिरीला निजामशाही दरबारात लखुजींचा मुलांसह खून झाला. पुढे घराण्याच्या शाखा देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा अशा गावांत पांगल्या. त्या गावांच्या नावातलं 'राजा' अजून टिकून आहे.

इंग्रजांची घरं टिकली याचं कारण मुलानं परतताना गाडीत सांगितलं: सगळं थोरल्याला. धाकट्यांनी सैन्यात जावं, चर्चमध्ये जावं, नाहीतर कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात. आपल्याकडे प्रत्येक मुलाला वाटा, म्हणून प्रत्येक पिढीत एक भिंत. मुलीला तिकडेही नाही, इकडेही नाही. बेसची अक्षरं वर आहेत, पण घर पुढे गेलं ते तिच्या मुलाच्या वंशात, डेव्हनशरच्या ड्यूकांकडे. १९५० मध्ये दहावे ड्यूक वारले, वारसाकर आला ऐंशी टक्के, आणि १९५६ मध्ये त्या करापोटी हार्डविक सरकारला द्यावं लागलं. आता ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. तिकीट काढून कुणीही आत जातं.

आमच्यावर असा एकदम घाव कधी पडला नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे गेलं, मग रयतवारी मोजणी झाली, सारा थेट कास्तकाराकडून सरकारात जाऊ लागला आणि देशमुखाला वसुलीचं काम उरलं नाही. आडनाव उरलं. जमीन १९६१ च्या सीलिंगच्या कायद्याच्या आधीच वाटण्यांत बारीक झाली होती. आणि खरं सांगायचं तर त्या वैभवाच्या आठवणी सांगताना घरातले लोक बळदातल्या ज्वारीबद्दल बोलत, ती ज्वारी कुणाच्या घामाची होती हे कुणी बोलत नसे. वाड्याची माती शेतात नेणाऱ्यांत त्यांचीच नातवंडं होती. आजोबा गप्प का बसले, ते मला उशिरा कळलं.

आमचे बाबा १९९८ मध्ये गेले. भावाचं म्हणणं, २००५ चा कायदा त्यानंतरचा, तो आपल्याला लागू नाही. मी त्याला सांगितलं की सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात निकाल दिलाय. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, बाप तेव्हा हयात असो वा नसो. तो थोडा वेळ खांबाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग काय, अजून एक भिंत घालू?"

मला भिंत नको होती. घरपट्टीच्या नमुना आठवर आईचं नाव कधी लागलं नाही, आजीचं तर नाहीच. मी एवढंच म्हणाले की माझं नाव लाव, खोली तूच वापर. वहिनी तोवर दारात येऊन उभी होती. तिच्याही माहेरी, खामगावकडे, असाच एक कागद तिची वाट बघत होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिनं कप उचलले, सोबत तो पेनही उचलला आणि आत गेली.

कागद अजून देवघरात, खांबाला टेकवून ठेवलेला आहे. परवा भावाचा फोन आला. पावसानं माळवद गळतंय, मुरमाटी टाकायला हवी, निम्मे पैसे पाठवशील का म्हणाला. मी पाठवले.